लांब ढांगेची गाडी

दादाने ती गाडी आणली तेव्हा ती कबाड्याच्या ट्रकमागे दोरखंडाने बांधलेली होती. टपाचं कापड फाटून लोंबत होतं, एका दिव्याची काच फुटलेली होती, आणि मागचं एक चाक मधेच कटकन आवाज करून अडखळत होतं. नागपुरात, इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत ती वरात शिरली तशी माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा सायकली होत्या, दोन-तीन सायकलरिक्षा होत्या, मोटार कोणाकडेच नव्हती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हे काय आणलं गा मिस्त्री? हत्तीचं मढं?" सगळे हसले, आणि मी दाराआड झाले.

बाबा पुढे आले. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, मडगार्डवर हात ठेवला, आणि खाली वाकून मागच्या बाजूला काहीतरी पाहिलं.

"हे तं मालकाची गाडी हाय," ते म्हणाले.

"होती, बाबा," दादा म्हणाला. "आता आपली हाय."

मौद्याच्या पलीकडे, कन्हानच्या काठाने आत गेलं की आमचं गाव. गाव मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं होतं. बाबा तरुणपणी त्याच्या गोठ्यावर होते. मालगुजाराने ही विलायती गाडी घेतली तेव्हा ती धुणं आणि चिखलात रुतली की ढकलणं, हेही गोठ्यावरच्या माणसांकडे आलं. गाडीत बसणं सोडाच, धुताना आतल्या गादीला हात लागलेला चालत नसे. आतून पुसायला दुसरा माणूस होता. हे बाबांनी आम्हाला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस कसा होता, पीक कसं होतं, तसं सांगायचे. पुढे ते नागपूरला आले, गिरणीत लागले, छप्पन साली सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली, आणि गाव आत्याच्या घरापुरतं उरलं. मालगुजारी गेली. मालगुजार वारला. गाडी बैलगाड्यांच्या कोठ्यात उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या, आणि एक दिवस मालगुजाराच्या मुलाने ती कबाड्याला देऊन टाकली. ती कोणाच्या दारात जाऊन उभी राहील, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

दादा सीताबर्डीच्या एका मोटार गॅरेजमध्ये मिस्त्री होता. चांगला मिस्त्री होता. बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगे. रविवारी आणि कामावरून आल्यावर तो गाडीखाली शिरायचा आणि मी कंदील धरून उभी राहायचे. इंजिन त्याने दोन-तीन महिन्यांत बोलतं केलं. राहिला तो मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा.

तो उघडला तेव्हा आतून तेलाबरोबर लोखंडाचे तुकडे पडले. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्या गोळ्यात शिरतो. दांड्याच्या टोकाला मुठीएवढं दातेरी चक्र असतं, ते पिनियन. ते ज्याला फिरवतं ते परातीएवढं चक्र म्हणजे क्राउन, आणि क्राउन चाकं फिरवतं. आमच्या क्राउनचे चार दात मोडले होते, त्यामुळे जोडीच बदलायला हवी होती. दादाने कबाड्यांचे सगळे ढीग पालथे घातले आणि त्याच कंपनीच्या गाड्यांच्या दोन जोड्या घेऊन आला. अंगणात पोतं अंथरून, घासलेटाने धुऊन त्याने त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

एक जोडी त्याच कंपनीच्या माल नेणाऱ्या गाडीतली होती. क्राउनला बेचाळीस दात, पिनियनला आठ. दुसरी चैनीच्या गाडीतली होती. क्राउनला सदतीस, पिनियनला नऊ.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे हे जोडी टाकली तं दांडा सव्वापाच वेळा फिरते तवा चाक एकदा फिरते. अन् हे टाकली तं चार वेळा फिरला का झालं." मला समजलं नाही हे त्याने ओळखलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "तू डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चढ चढते तं पाऊल कसं टाकते?"

"लहान."

"अन् रिकाम्या हातानं सपाट रस्त्यावर?"

"लांब."

"बस. हे मालगाडीवाली लहान पावलाची. हे दुसरी लांब ढांगेची. लहान पावलाची कितीही ओझं ओढंल, पण पळणार नाही. लांब ढांगेची पळंल, पण चढावर दम लागंल."

मूळची मोडलेली जोडीही लहान पावलाचीच होती. तिचे दात त्याने माझ्यासमोरच मोजले होते. गाडी घेताना मालगुजाराने गावचा रस्ता पाहूनच तशी मागवली असणार, असं दादा स्वतःच म्हणाला. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.

"मंग तशीच टाक ना गा," ते म्हणाले.

मालगाडीची जोडी दादाने उचलून पाहिली. तिचे दात घासलेले होते, ती आवाज करणार होती, हे खरं. दुसरीचे दात नव्यासारखे होते, हेही खरं. पण नंतर तो जे बोलला ते दातांबद्दल नव्हतं.

"बाबा, लहानपणी मी या गाडीच्या मांगं पळत होतो. धुराळा खात होतो. आता मले हे गाडी पळवाची हाय. नागपुरात चढ हायेच कुठं? सगळं सपाट तं हाय."

मीही म्हटलं, लांब ढांगेचीच टाक. मलाही ती पळायला हवी होती.

गाडी पळाली. भंडारा रोडवर पहिल्यांदा काढली त्या सकाळी बाबा पुढे बसले होते, आणि दोन्ही हातांनी दाराची कड घट्ट धरून होते. इंजिन शांत होतं, गोळ्यातून हूं की चूं नाही. आम्ही एक ट्रक मागे टाकला. बाबांचं धोतर फडफडत होतं, आणि ते एकदा मागे वळून मला म्हणाले, "बाई, डोळे मीट, कचरा जाईन." गल्लीत आता कोणी मढं म्हणत नव्हतं. मी त्या दिवसांत ताठ मानेने चालत असे.

उन्हाळ्यात आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. आत्या निरोप द्यायला आली तेव्हा दादाने तिला शब्द दिला, "नवरी माह्या गाडीत बसून जाईन." आत्या रडायलाच लागली. तिला वाटलं तो मस्करी करतोय. बाहेर नेऊन त्याने तिला गाडीत बसवलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणलं.

लग्नाच्या सकाळी आम्ही निघालो. पुढे दादा आणि बाबा, मागे मी, माझ्या दोघी चुलत बहिणी, भांडी, आणि तांदळाचं एक पोतं. दादाने पांढरा सदरा घातला होता. मौद्यापर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. पुढे कच्चा रस्ता लागला, तोही उन्हाळ्यामुळे सुका होता. मग गावाअलीकडचा नाला आला.

नागपुरात राहून मी तो नाला विसरले होते. आमचं गाव उंचावर आहे. नाल्यात उतरायचं, कोरड्या वाळूतून पलीकडे जायचं, आणि मग घराच्या जिन्यासारखा उभा चढ चढून गावात शिरायचं. बैलगाड्याही तिथे थांबून बैलांना दम देत. चढाच्या माथ्यावर पार आहे, आणि लग्नाचा दिवस असल्यामुळे पारावर माणसं होती. गाडीचा आवाज ऐकून ती उभी राहिली. "आली, आली," असं कोणीतरी ओरडलं.

दादाने पहिला गिअर टाकला. गाडी चढाला लागली. चार-पाच हात वर गेली, मग इंजिनाचा आवाज खोल गेला, गाडी थरथरली आणि बंद पडली. ती मागे घसरली. दादाने ब्रेक दाबून तिला धरली, वाळूत आणली, पुन्हा चालू केली. दुसऱ्यांदा त्याने वाळूतूनच वेग घेतला. गाडी अर्ध्याच्या थोडी अलीकडे गेली आणि पुन्हा तसंच झालं. जळक्या क्लचचा वास सुटला. वरून हसू ऐकू आलं. फार मोठं नव्हतं. लग्नघरात हसतात तसलं हसू होतं, पण दादाचे कान मागून लाल झालेले मला दिसले.

"उतरा," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. आम्ही उतरलो, पोतं उतरवलं. तिसऱ्यांदा गाडी त्याच जागी जाऊन थांबली.

तेव्हा बाबा मागे गेले.

कोणी सांगितलं नाही, बोलावलं नाही. त्यांनी डोक्याचा फेटा काढून माझ्या हातात दिला, धोतर वर खोचलं, गाडीकडे पाठ केली, आणि मागच्या जादा चाकाच्या खाली, डावीकडे, बरोबर एका ठिकाणी पाठ टेकवून पाय रोवले. आणलेल्या दिवशी त्यांनी वाकून काय पाहिलं होतं ते मला तिथे कळलं. "चाल गा, दे जोर," ते दादाला म्हणाले, आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, ओझं उचलताना निघतो तसा. मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात, नागपुरात, त्यांनी तो कधी काढला नव्हता.

पारावरून मालगुजाराचा मुलगा उतरून आला. तो दादापेक्षा थोडा मोठा असेल. पांढरं बंडी-धोतर, हातात सुपारीचा डबा. त्याने गाडी ओळखली, मग बाबांना ओळखलं, आणि त्याचा चेहरा खुलला. खरंच खुलला, मी खोटं सांगणार नाही.

"अरे वा!" तो म्हणाला. "अजून आपली जागा विसरला नाही रे तू!"

बाबांनी तसंच पाठीवर ओझं ठेवून मान वर केली आणि हसले. "नाही, मालक."

दोन शब्द. त्या माणसाचं वय बाबांच्या मुलाएवढं, आणि तो 'रे' म्हणत होता, आणि बाबा 'मालक' म्हणाले. माझ्या हातात फेटा होता. मला तो कुठे लपवावा कळेना. चुलत बहिणी जमिनीकडे बघत होत्या. मला जमीन फाटायला नको होती. मला फक्त कोणी त्या क्षणी बघू नये असं वाटत होतं, आणि माथ्यावरचं सगळं गाव बघत होतं.

दादा दार उघडून बाहेर आला. त्याने गाडीच्या चाकाला दगडही लावला नाही. "बाबा!" तो ओरडला. "पाठ काढा! हटा तिथून!"

एवढ्या मोठ्याने तो बाबांवर कधी ओरडला नव्हता. गाडी मागे सरकायला लागली तशी मीच धावत जाऊन चाकामागे दगड घातला. बाबा बाजूला झाले. त्यांना राग आला नव्हता, ते गोंधळले होते.

"काहून गा?" ते म्हणाले. "आपलीच तं गाडी हाय."

मालगुजाराचा मुलगा म्हणाला, "बैल लावू का? बैल देतो माझे." तो मदतच करत होता. दादाने नकारार्थी मान हलवली. मग तो पुन्हा आत बसला, गाडी वाळूत उतरवली, आणि पुढे-मागे करत तिचं तोंड नागपूरकडे फिरवलं. मला वाटलं तो परत निघाला. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते हाक मारत खाली धावले.

पण दादाने मान मागे वळवली, आणि गाडी उलटी चढायला लागली.

पुढच्या पहिल्या गिअरपेक्षा मागे जाण्याचा गिअर लहान पावलाचा असतो, हे त्याने मला नंतर कधीतरी सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की गाडी रडत, विव्हळत, ढुंगण पुढे करून वर जातेय. इंजिन किंचाळत होतं. दादाची मान पिळलेली, तोंड उघडं, सदरा पाठीला चिकटलेला. आणि बाबा गाडीच्या तोंडासमोरून, दोन्ही हात पसरून, "इकडं, थोडं इकडं," करत चढत होते. दादा तिकडे बघूच शकत नव्हता. माथ्यावर आता हसू मोकळं सुटलं होतं. पोरं टाळ्या वाजवत होती. आम्ही तिघी पोतं धरून मागून चढलो. जिच्यामुळे मी कॉलेजात मान वर करून चालले होते, ती गाडी अशी गावात शिरली, पाठमोरी.

आत्या दारात पाणी घेऊन उभी होती. तिने दादाच्या पायावर पाणी घातलं. लग्न नीट झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. दादा जेवला नाही. गाडीजवळ बसून होता, आणि लोक येऊन येऊन गाडी बघत होते. मालगुजाराचा मुलगाही आला. गादीवरून हात फिरवून तो म्हणाला, "छान बनवली तू. बापाचा जीव होता हिच्यावर." दादा "हो" म्हणाला. त्याच्याशी तो एवढंच बोलला.

पाठवणीची वेळ आली. नवरी पांढऱ्या साडीत बाहेर आली, आणि आत्या तिला घेऊन सरळ गाडीकडे गेली. दादा उठून उभा राहिला.

"आत्या, गाडी नाही चालणार," तो म्हणाला. "पेट्रोलात कचरा आला."

सगळ्यांना कळलं. वर यायला अडचण होती, खाली जायला नव्हती. उतारावर ती गाडी फुलासारखी गेली असती. आत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "पाह्य ना गा एक डाव," तर त्याने बाबांकडेही पाहिलं नाही. शेवटी बैलगाडी जुंपली. नवरी चढता चढता थांबली. तिला दादाचा फार लळा होता.

"उलटी नेली असती ना दादा," ती म्हणाली, "तरी मी बसली असती."

दादाने मान खाली घातली. बैलगाडी नाल्यात उतरली आणि पलीकडच्या काठाने मौद्याच्या रस्त्याला लागली. तिचा धुराळा बसेपर्यंत आम्ही अंगणातच उभे होतो. मग थोड्या वेळाने आम्ही त्याच रस्त्याने, त्याच गाडीतून, अगदी नीट घरी आलो. फेटा बाबांनी परत बांधला होता.

पुढच्याच रविवारी दादाने मागचा गोळा उघडला आणि मालगाडीची जोडी बसवली. मी कंदील धरला. का बदलतोस, असं मी विचारलं नाही. त्यानंतर गाडी कुठलाही चढ चढली असती. गोळ्यातून एकसारखा हुंकार येई, आणि बर्डीला जाताना सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात. पण ती गाडी गावी कधी गेली नाही, आणि दादाही गेला नाही. आतेबहिणीच्या पहिल्या बाळंतपणाला मी एसटीने गेले. तिने विचारलं, "दादा?" मी म्हटलं, कामात आहे.

बाबा जात. दर दिवाळीच्या सुमारास जात, आणि परत आले की मालगुजाराच्या मुलाने चहा पाजला, पारावर शेजारी बसवलं, गाडीची चौकशी केली, असं सांगत. तो अजून 'रे' म्हणतो का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी उलटी चढल्याची गोष्ट बाबांना फार आवडायला लागली. इंदोऱ्यात कुठे लग्न असलं, चार माणसं जमली, की ते सुरू करत. "माह्या पोरानं गाडी उलटी चढवली! सगळं गाव पाहून राहिलं होतं!" लोक हसत, बाबा हसत. आपण पाठ लावली होती हेही ते सांगत, आपण 'मालक' म्हणालो तेही सांगत, काहीच गाळत नसत. तो शब्द त्यांच्या तोंडून आला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत. मी पाणी आणायला म्हणून आत जाई. दादा उठून बाहेर जाई. बाबांना लाज वाटली नव्हती की त्यांनी ती इतक्या वर्षांत गिळून टाकायला शिकून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

बाबांच्या शेवटच्या वर्षी माझ्या मुलाच्या नावठेवणीला घर भरलं होतं, आणि ते पुन्हा तीच गोष्ट सांगत होते. आवाज खोल गेला होता, मधे मधे दम लागत होता. "अर्ध्यात गाडी अडली," ते म्हणाले, "अन् मंग तिथूनच त्यानं उलटी घेतली."

मी आत जायला उठले. दादाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, उठला नव्हता.

"तिथून नाही, बाबा," तो हळू म्हणाला. "खाली वाळूत नेली. तिथून वळवली. मंग चढवली."

"हो, हो," बाबा म्हणाले. "वाळूत नेली. मले वाटलं हा पोरगा नागपूरले परत चालला."

"तुम्ही मांगं धावत आले होते."

"तं मंग! तुले एकट्याले कसा जाऊ देतो?"

लोक हसले. दादाही थोडा हसला. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तिथेच दारात उभी होते, आणि माझे कान तेव्हाही गरमच होते.